गुरुवारी बोलणारा रणगाडा

गुरुवार उजाडला की अर्धं सारी-बुलाक गाव बुरुल आपांच्या घरी. दाराबाहेर बर्फात बुटांचा ढीग, फाटकाला बांधलेले घोडे, पलीकडच्या गावांहून आलेल्या मोटारी, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. बोरसोक तळल्याचा वास पार रस्त्यापर्यंत. गुरुवारी कणकेचे गोळे तेलात तळायचे आणि तो वास पितरांना पोचवायचा, ही तर घरोघरची रीत. त्यासाठी कुणी एवढी थंडी खात येत नाही. लोक येत होते ते खिडकीजवळच्या फळीवरच्या रणगाड्यासाठी.

रणगाडा खेळण्यातला. हातभर लांब, हिरवा, रिमोटवर चालणारा. बुरुल आपांचा मुलगा कुबात गावच्या शाळेत हस्तकला शिकवायचा आणि शाळा सुटली की पोरांना घेऊन असली मॉडेलं जुळवत बसायचा. हा त्याने स्वतःसाठी केलेला, आजोबा मोठ्या लढाईत ज्या रणगाड्यात होते अगदी तसाच. शरदात कुबात दोलोन घाटात गाडी घसरून गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला घर भरलेलं असताना फळीवरच्या रणगाड्याचा पुढचा दिवा आपोआप लागला, विझला, पुन्हा लागला. तेव्हापासून तो बोलतोय.

म्हणजे लोक म्हणतात, बोलतोय. बोलते खरी उमसुनाय.

उमसुनाय ही 'डोळे उघडलेली' बाई. बाकीच्यांचे मिटलेले, हिचे तेवढे उघडलेले, असा हिशेब. पांढराशुभ्र रुमाल, हातात मण्यांची माळ, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला आपल्या घरातलं सगळं आधीच ठाऊक आहे.

"शू. आला," ती म्हणाली. "गालाला वारा लागला की नाही?"

खिडकी नीट लागत नव्हती, त्यामुळे वारा सगळ्यांच्याच गालाला लागला.

"कुबात, लेकरा, आईने बोरसोक तळलेत. वास पोचला?"

दिवा दोनदा लुकलुकला. बायकांनी प्रार्थना संपल्यावर फिरवतात तसे तोंडावरून हात फिरवले.

"दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही," उमसुनायने नव्या मंडळींना समजावलं.

"आणि तीनदा?" दारातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तीनदा म्हणजे मेंढी."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याने गंभीरपणे मान डोलावली आणि घरी कापायला कुठली मेंढी मोकळी आहे याचा विचार करू लागला.

जिपार भिंतीला टेकून उभी होती. ती कुबातची मोठी बहीण, नारिन शहरातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी. हसू तिलाही आलं नाही. आतल्या खोलीत तिची भाची झोपली होती आणि तिच्या श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता.

बेगिमाय सहा वर्षांची. हृदयात जन्मापासून भोक. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. राजधानीतल्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळवायला कुबातने उंबरे झिजवले होते; तिचेच कागद घेऊन येताना तो घाटात गेला. तारीख मिळाली, डिसेंबरातली. रणगाड्याला विचारलं, दिवा एकदा लुकलुकला. तारीख गेली. जिपारने हातापाया पडून दुसरी मिळवली होती, येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारची. फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "ही चुकवलीत तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत पोर थांबेल असं मला वाटत नाही."

"उमसुनाय बाई," जिपार म्हणाली, "पितर आलेत ते ठीक. मग त्यांना चार्जरची वायर कशाला लागते?"

सगळ्यांच्या माना फळीकडे वळल्या. रणगाड्याच्या पोटातून निघालेली वायर भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. कुबात ती तशीच लावून ठेवायचा आणि त्याच्या बायकोने, चोल्पोनने, तो गेल्यावर तिला हात लावला नव्हता.

उमसुनाय गोड हसली. "मास्तरीणबाई, पितरांना भूक नसती तर आपण बोरसोक कशाला तळले असते? तुझा आजोबा घोड्यावरून यायचा, तेव्हा घोड्याला गवत घालायचो. हा रणगाड्यातून येतो. याला वीज घालतो. जमाना बदलला, तू शिकलेली असून तुला कळू नये?"

लोक खूश झाले. बुरुल आपांनी लेकीकडे असं बघितलं की जिपारची मान खाली गेली.

"तू शहरात राहतेस," आपा म्हणाल्या. "माझा मुलगा मला भेटायला येतो, तेवढंही तुला बघवत नाही का गं?"

जिपारचाही तो भाऊच होता. पण तिने पदराला गाठ मारल्यासारखं ठरवलं होतं, आज परीक्षा घ्यायचीच. तिचा संशय उमसुनायच्या बाहीवर होता. बाहीत काहीतरी बटण असणार, नाहीतर माळेत.

"उमसुनाय बाईंनी बाहेर बसावं," ती म्हणाली. "माळ इथे ठेवून. बघू मग तो बोलतो का."

तिला वाटलं, बाई चिडेल, शाप देईल. बाई लगेच उठली. "गोठ्यात बसू की परसात? तू सांगशील तिथे. दाराला कडी घाल, बरोबर दोन बायकाही दे, माझ्या बाह्या झाडून बघायला."

कडी घातली. खोलीत भट्टी रसरसून पेटली होती, माणसांच्या गर्दीने गदमदत होतं, लोक अंगरखे काढून शर्टावर बसले होते. चोल्पोन पुढे सरकली. घरची सून, मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, म्हणून तिने खालमानेनेच विचारलं, "तुम्ही आहात का?"

दोनदा.

"बेगिमायला शहरात नेऊ?"

एकदा. मग अंधार.

चोल्पोनने ओठ मिटले आणि मान हलवली, नवऱ्याने काही सांगावं आणि बायकोने ऐकावं तशी.

मग काय विचारता. उमसुनाय परसातून परत आली ती राणीसारखी. "बघा रे बघा, खुद्द विज्ञानाने तपासून घेतलं," तिने अंगावरचा बर्फ झटकत जाहीर केलं. त्या दिवसापर्यंत ज्यांना थोडी शंका होती तेही त्या संध्याकाळी निःशंक होऊन घरी गेले. जिपारने पितराचा पाया खणायला घेतला होता आणि स्वतःच्या हाताने त्यात काँक्रीट ओतलं होतं.

लोक पांगल्यावर ती चुलीपाशी चोल्पोनजवळ बसली.

"चोल्पोन, याचा रिमोट कुठाय?"

"त्यांच्याबरोबर गेला, एजे. शहरात दुरुस्तीला नेतो म्हणत होते. गाडीतलं सगळं नदीत वाहून गेलं." चोल्पोन भांडी पुसत होती. नणंदेला ती कुबातसारखंच 'एजे' म्हणायची, म्हणजे ताई. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "पहिल्या गुरुवारी मी त्यांना एकच विचारलं. तिथे थंडी वाजते का? त्यांनी 'नाही' सांगितलं. एकदाच लुकलुकले. त्या रात्री मला झोप लागली, एजे. कितीतरी दिवसांनी."

या बाईच्या अंगावरून ते पांघरूण ओढायचं कसं, जिपारला कळेना. आणि ओढलं नाही तर आतल्या खोलीतली पोर जाते. या दोन्हीच्या मधे तिला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नारिनला परतायच्या मोटारीत बसली. गाडीत माणसं कोंबलेली, हीटर चालू. गाव सुटतं न सुटतं तोच ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, उतरला, मेंढीच्या कातड्याचा कोट काढून मागे टाकला आणि पुन्हा बसला. "उकडून मरेन नाहीतर," तो म्हणाला.

जिपार त्या कोटाकडे बघत राहिली.

काल त्या भट्टीसारख्या खोलीत सगळे शर्टावर होते, एक माणूस सोडून. शार्शेन आबा. मानाच्या जागी, फळीच्या अगदी समोर, कातड्याच्या जाड कोटात. कपाळावरून घामाच्या धारा, एक हात छातीशी कोटाच्या आत. त्यावर कुणी शंका घेणं शक्यच नव्हतं, कारण तो कोट कुबातचा होता. मयताला आंघोळ घालणाऱ्यांना मयताचे कपडे द्यायचे असतात. जसे असतील तसे द्यायचे. घडी मोडून बघत नाहीत, खिसे चाचपत नाहीत. तसं करणं म्हणजे मेलेल्याला दिलेलं परत मोजून घेणं. कुबातला आंघोळ घातली त्याच्या चुलत्याने, शार्शेनने. खुंटीवरचा कोट त्याला गेला. शहरात जाताना कुबात चांगला, काळा कोट घालून गेला होता.

आणि त्या कातड्याच्या कोटाला आतून एक मोठा खिसा होता. तो जिपारनेच शिवून दिला होता. बर्फात रणगाडा चालवायचा तर रिमोटमधल्या बॅटऱ्या गारठून बंद पडतात, म्हणून कुबात रिमोट कोटाच्या आत छातीशी धरायचा आणि न बघता बोटांनी चालवायचा. दुरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस नुसता छातीवर हात ठेवून उभा आहे.

रिमोट नदीत वाहून गेलाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, धरायचं शार्शेनला आणि घालायचा खिशात हात. तुम्ही सारी-बुलाकमध्ये राहिलेला नाहीत. भावाला शेवटची आंघोळ घालणाऱ्या वडीलधाऱ्याच्या अंगावरून भावाचा कोट ओढणारी बहीण! आपांनी तिला जन्मात घरात घेतलं नसतं, आणि मग शनिवारसाठी पोरीला न्यायला दारात तरी कोण उभं करणार? जिपारने आपांना फोनवर नुसतं सुचवून पाहिलं, "आबांना कोट काढायला सांगा ना, उकडतं किती." आपा म्हणाल्या, "कुबात येतो तेव्हा त्याचा कोट अंगावर असावा, असं शार्शेन म्हणतो. तुला नसेल कळत, त्याला कळतं." आणि फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी जिपार सकाळीच पोचली. आपा शेजारी कणीक आणायला गेल्या होत्या, चोल्पोन गोठ्यात. जिपारने रणगाडा मांडीवर घेतला, वरचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत कुबातचा हात दिसत होता. प्रत्येक वायर नीट वळवलेली, प्रत्येक प्लगला रंगीत टेप. त्याने हे सगळं तिला शिकवलं होतं, ती नको नको म्हणत असताना. पांढरी टेप पुढच्या दिव्याची, तो रिमोटच्या बटणावर लागायचा. लाल मागच्या दिव्याची, रणगाडा थांबला की तो आपोआप लागावा अशी बांधलेली. सध्या त्याचा बल्ब गेलेला. निळ्या टेपची जागा जास्तीची, तिथे त्याने तोफेच्या तोंडातला झगझगाट जोडला होता. "कुठला दिवा कशावर लागायचा ते आपण ठरवायचं, एजे," तो म्हणायचा. "दोन्ही दांड्या एकदम दाबून धरायच्या, दिवा लुकलुकतो ते मोजायचं. मग हा बोर्ड आपलं ऐकतो. त्याला स्वतःची अक्कल नाही, बिचाऱ्याला." हे म्हणताना तो हसायचा.

जिपारच्या डोळ्यांना धार लागली. नाक पुसत तिने बोर्ड, बॅटरी आणि पुढचा दिवा असं सगळं वायरींसकट उचलून बाहेर काढलं आणि रुमालात गुंडाळलं. रिकामा सांगाडा झाकण लावून फळीवर ठेवला. चार्जरची वायर पुन्हा त्याच्या पोटात खोचली. रणगाडा दिसायला होता तसाच.

तिचा बेत साधा होता. आज रणगाडा बोलणार नाही. दिवा लागेल तिच्या मांडीवर. मग सगळ्यांना कळेल की पितर-बितर काही नाही, एक बोर्ड आहे, आणि त्याला कुणीतरी हुकूम देतंय. शाळेत मुलांना दाखवतात तसा प्रयोग. मुलांना कळतं. मोठ्यांना का कळू नये?

दुपारी घर भरलं. पोरीला शहरात न्यायचं की नाही याचा आज शेवटचा सवाल, म्हणून गर्दी तर विचारू नका. बेगिमायला नेहमीप्रमाणे आत निजवलेली. पितराची नजर थेट पोरीवर पडू नये, अशी उमसुनायची पहिल्यापासून सक्त ताकीद होती. शार्शेन आबा कोटात, घामाघूम, समोर.

"आला," उमसुनाय म्हणाली. "कुबात, लेकरा, तुझी लेक तुझ्या रक्ताची. तिच्या छातीला सुरी लावायची, का तू स्वतः तिला बरी करणार? शहरात नेऊ दे का?"

रणगाडा काळाठिक्कर. उमसुनायच्या हातातली माळ थांबली.

आणि जिपारच्या मांडीवर, शालीखाली, एकदा उजेड पडला. लोकरीच्या विणीतून तो लख्ख दिसला आणि विझला.

"बघा," जिपार म्हणाली आणि तिने शाल बाजूला केली. "रणगाड्यात काही नाही. मी सगळं काढून आणलंय. हा एवढा बोर्ड, हा दिवा. पितर रणगाड्यात असते तर–"

"बहिणीकडे आला," मागून एक बाई म्हणाली.

"बहिणीच्या मांडीवर आला."

"लहानपणी तिथेच झोपायचा," आपांचा आवाज फाटला. "अगं, त्याला हिनेच वाढवलाय."

जिपारला आधी कळेचना काय चाललंय. पुढची माणसं गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ येत होती. कुणी तिच्या शालीच्या टोकाला हात लावून तो डोळ्यांना लावला. उमसुनाय एक क्षण गडबडली असेल, एकच क्षण. मग ती जागेवरून उठली आणि जिपारसमोर मान लववून म्हणाली, "मी तुला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तुझेही डोळे उघडायचे होते. म्हणून तर तुला एवढा राग."

"अहो, वायर आहे ही," जिपार म्हणाली. "ही बॅटरी. हे बघा, टेप."

"हो गं, हो," लोक म्हणाले, आजाऱ्याची समजूत घालतात तसे.

बुरुल आपा तिच्यासमोर बसल्या. सत्तरीची बाई, लेकीच्या पायाशी. "जिपार, त्याला पुन्हा विचार. उमसुनायला त्याने 'नाही' सांगितलं. तुला काय सांगतो ते विचार. तू सांगशील ते मी करते."

आणि तेव्हा जिपारने हात टेकले. पुरावा तिच्या हातात होता, आणि त्याच्याच पाया पडत होते सगळे. आणखी काय दाखवायचं? बोर्ड फोडून दाखवला असता तर त्याचे तुकडे ताईत म्हणून गळ्यात गेले असते. दुसरीकडे वाट मात्र अगदी मोकळी होती. एक वाक्य बोलायचं. 'तो म्हणतो, न्या.' एवढंच. उद्या पोर गाडीत बसते. खोटं किती सोपं असतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

"आपा," ती म्हणाली. "तो म्हणतो–"

आतल्या खोलीचं दार उघडलं. एवढा गलका ऐकून बेगिमाय उठली होती. लोकरीचे मोजे, विस्कटलेल्या वेण्या, ओठांवर तो निळेपणा. इतक्या माणसांना बघून ती दचकली, आणि मग तिला तो कोट दिसला.

ती कुणाकडे न बघता सरळ चालत गेली आणि शार्शेन आबांच्या मांडीवर बसली. कातड्यात नाक खुपसलं. कितीतरी वेळ तशीच राहिली. मग सवयीने, झोपेत पांघरूण शोधावं तसा, तिने हात कोटाच्या आत घातला.

"आबा, हात काढा ना," ती कुरकुरली. "आता माझी पाळी. बाबा मला दाबू द्यायचे."

तिने खेचला तो रिमोट बाहेर आला. दोन दांड्या, वर एक बटण, अँटेनाला कुबातने गुंडाळलेली टेप. बेगिमायने अंगठ्याने बटण दाबलं. जिपारच्या मांडीवर दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. पुन्हा लागला. तिने कितीतरी वेळा दाबलं, धापा टाकत, हसत, आणि खोलीत तिच्या श्वासाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"तीनपेक्षा जास्त झाले," दारातला म्हातारा पुटपुटला. त्याची मेंढी गेल्या आठवड्यातच कापून झाली होती.

शार्शेन आबांनी कोट काढला. आतला सदरा चिंब भिजला होता.

"चाळिसाव्याला खिशात हात घातला तर हे सापडलं," ते कुणाकडे न बघता बोलू लागले. "काय आहे म्हणून दाबलं. तिकडे दिवा लागला. तुम्ही सगळे रडायला लागलात, आनंदाने. वहिनींनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर खाल्लं. कुठल्या तोंडाने सांगणार होतो, की अहो, मी दाबलं म्हणून? उमसुनायच्या तेव्हाच लक्षात आलं. म्हणाली, गप्प राहा, पुण्य लागेल. विचारायचं मी, दाबायचं तू."

"पितराने तुझा खिसा निवडला," उमसुनाय घाईघाईने म्हणाली. "तुझं बोट निमित्त, शार्शेन. शेवटी–"

"पोरीला नेऊ नका, हे कुणी सांगितलं?" जिपारने विचारलं.

"मी," आबा म्हणाले. "उमसुनायने सांगितलं म्हणूनही, आणि मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. पोरीच्या कागदांपायी कुबात त्या घाटात गेला. मला वाटलं, आता पोरही त्याच रस्त्याने... माझं मत होतं ते. त्याचं नव्हतं."

चोल्पोन इतका वेळ उभी होती. मोठ्यांसमोर खालमानेने बोलणारी सून, तिने पहिल्यांदा मान वर करून चुलतसासऱ्याकडे सरळ बघितलं.

"थंडी वाजते का, असं मी विचारलं होतं."

आबांनी काढलेला कोट जवळ ओढला.

"तेही तुम्हीच?"

"तुला बरं वाटावं म्हणून, पोरी."

चोल्पोनने मान हलवली. रडली नाही. तिचा नवरा शरदात एकदा गेला होता, आज दुसऱ्यांदा गेला, आणि या दुसऱ्या वेळेला तिला खांदा द्यायला कुणी पुढे येणार नव्हतं. ती बेगिमायजवळ बसली, तिच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि तिच्या पायात बूट चढवू लागली. बूट नीट जाईनात. जिपार मदतीला वाकली तर तिने तिचा हात बाजूला केला.

"एजे, तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "पण आज माझ्याशी बोलू नका."

शुक्रवारी त्या निघाल्या, चौघी. त्याच घाटातून. गावात तोवर बोलणं सुरू झालं होतं की पितर रागावून निघून गेले, जिपारने घालवले. उमसुनाय घाटाच्या पलीकडे दुसऱ्या गावी गेली; तिथे म्हणे एका मोबाईलमध्ये कुणाची तरी आजी येते.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हृदय सुजलंय. डिसेंबरात आणली असती तर किती सोपं होतं. कशाची वाट बघत होतात?" खेळण्याने नको सांगितलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

शनिवारी बेगिमायला आत नेलं. दार बंद झालं आणि दारावरचा लाल दिवा लागला. तिघी बाकावर बसल्या. चोल्पोन जिपारपासून लांब, टोकाला. बुरुल आपांची नजर त्या दिव्यावर खिळली होती. बराच वेळ झाला. दिवा एकदाही लुकलुकला नाही, एकसारखा जळत होता.

"जिपार," शेवटी आपा म्हणाल्या, अगदी लहान आवाजात. "तो काय सांगतो गं?"

'वाचेल' असं म्हणावं, असं जिपारला फार वाटलं. त्या बाकावर बसलेल्या म्हातारीला दुसरं काही नकोच होतं.

"काही नाही सांगत, आपा," ती म्हणाली. "आत माणसं काम करतायत, म्हणून कुणीतरी बटण दाबलंय. काम संपलं की दाबतील पुन्हा. वाचेल का, ते मला माहीत नाही. त्यांनाही नाही माहीत. पण ती माणसं शिकलेली आहेत, हात धुऊन आत गेलीत, आणि त्यांचे हात आता आपल्या पोरीवर आहेत. आपल्याजवळ तेवढंच आहे, आपा. तेवढ्याचाच भरवसा धरायचा."

आपांनी ते ऐकलं. पटलं की नाही, कोण जाणे. चोल्पोन मात्र टोकावरून थोडी अलीकडे सरकली. संध्याकाळी दिवा विझला तेव्हा तिघी उठून उभ्या राहिल्या, आणि या वेळेला आपांनी दिव्याला काही विचारलं नाही. त्या दाराकडे बघत राहिल्या, आतून माणूस बाहेर येईपर्यंत.

पोर वाचली. पण ती वाचली म्हणून जिपार खरी ठरली, असं कृपा करून समजू नका. पोर त्या टेबलावर गेली असती, तरी कोटाच्या खिशात होता तो रिमोटच होता, आणि नाही म्हणणारा होता तो शार्शेनच होता. डिसेंबर गेला तो गेलाच. बेगिमायला जन्मभर औषधं घ्यावी लागणार आहेत. चोल्पोन अजून दर गुरुवारी बोरसोक तळते. त्यात काही वाईट नाही, गेलेल्याची आठवण काढायला कुणाची हरकत असणार? रणगाडा फळीवर आहे, जिपारने बोर्ड परत आत बसवून दिला, चार्जरची वायर मात्र काढून ठेवली आहे.

तुमच्याही गावात कधीतरी, कशातून तरी, असा दिवा लागेल. लागला की तुमचं माणूस आलं असं वाटेल, कारण ते यावं असं तुम्हाला फार वाटत असेल. त्या वाटण्याला कुणी हसू नये. पण दिव्याला विचारून पोरांचं औषधपाणी ठरवू नका. हात जोडायचे तर जोडा, तोंडावरून फिरवायचे तर फिरवा, फक्त त्याच्या आधी शेजारी बसलेल्या माणसाचे हात कुठे आहेत, तेवढं बघून घ्या.